लेथ तेच, टर्नर तोच, शाफ्ट तिप्पट: देशाचं उत्पन्न दीर्घकाळ कशानं वाढतं?

1950 ते 1980 या तीस वर्षांत भारताचं एकूण उत्पादन दरसाल साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढलं. लोकसंख्या वाढत होती सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे माणशी वाढ उरली जेमतेम सव्वा टक्का. या वेगानं उत्पन्न दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील, हे तोंडी काढता येतं: 70 ला वाढीच्या दरानं भागायचं. 70 भागिले सव्वा, उत्तर 56 वर्षं. बडोद्याच्या डांडिया बाजारातल्या एखाद्या घरात आजोबा नोकरीला लागले तिथपासून नातू नोकरीला लागेपर्यंतचा हा काळ. आता उत्पादन साडेसहा टक्क्यांनी आणि लोकसंख्या एका टक्क्यानं वाढते असं धरा. माणशी वाढ साडेपाच टक्के, आणि दुप्पट व्हायला तेराच्या आत वर्षं. पहिलीत गेलेलं मूल कॉलेजात जाईपर्यंत घरचं उत्पन्न दुपटीवर.

पाऊस कमी पडला, तेल महागलं, व्याजदर चढले की एखाद्या वर्षी वाढ घसरते आणि पुढे सावरते. बातम्यांत चर्चा असते ती या चढउताराची. हा लेख त्याबद्दल नाही. वीस, तीस, पन्नास वर्षांच्या मापानं पाहिलं तर एक देश पुढे सरकत राहतो आणि दुसरा तिथेच अडकतो. तो फरक कशातून येतो, हे इथे पाहायचं आहे. त्यासाठी अर्थशास्त्राच्या वर्गात जायची गरज नाही. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये डोकावलं तरी बरंचसं दिसतं.

एक लेथ, एक टर्नर

समजा, काम आहे माइल्ड स्टीलच्या शाफ्टचं, म्हणजे साध्या पोलादाच्या गोल दांड्याचं. व्यास 40 मिलिमीटर, कट मारायचा आहे 200 मिलिमीटर लांबीवर. लेथ म्हणजे तुकडा गोल फिरवून कापणारं यंत्र, आणि ते चालवणारा तो टर्नर. लेथवर एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टूल लावलेलं आहे. अशा टूलनं माइल्ड स्टील मिनिटाला 30 मीटरच्या आसपास कापायचं. त्याहून वेग वाढवला तर टूलची धार तापून जाते. 40 मिलिमीटर व्यासाला हा वेग म्हणजे साधारण 240 आरपीएम, मिनिटाला 240 फेरे. एका फेऱ्यात टूल 0.2 मिलिमीटर पुढे सरकतं असं धरलं, तर 200 मिलिमीटर जायला 4 मिनिटं 10 सेकंद लागतात. जॉब (कापायचा तुकडा) चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, बांधणं, सेंटर लावणं, उतरवणं, माप घेणं यात आणखी 3 मिनिटं. एक शाफ्ट 7 मिनिटं 10 सेकंदांत. चहापाणी, साफसफाई वजा जाता पाळीत कामाची 420 मिनिटं मिळतात, म्हणजे दिवसाला 58 शाफ्ट.

मालकाला उत्पादन वाढवायचं आहे. पहिला विचार येतो तो आणखी एक लेथ घ्यायचा. ऑटो फीडवर, म्हणजे टूल आपोआप सरकत, एक लेथ कापत असतं तेवढ्यात टर्नर दुसऱ्यावर जॉब बांधतो. उत्पादन 117 वर जातं, म्हणजे सरळ दुप्पट. तिसरं लेथ घेतलं की मात्र अडचण सुरू होते. तीन लेथवर जॉब बांधायला-उतरवायला टर्नरला 9 मिनिटं लागतात आणि लेथ 7 मिनिटं 10 सेकंदांतच मोकळं होऊन वाट बघतं. आता वेग ठरतो टर्नरच्या हातांवर, दर 3 मिनिटांना एक शाफ्ट. दिवसाला 140. तिसऱ्या लेथनं भर घातली फक्त 23 ची. चौथं घेतलं तरी आकडा 140 च राहतो. त्याच्या कर्जाचा हप्ता तेवढा वाढतो.

याला घटत्या फलाचा नियम म्हणतात. बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट वाढवत गेलं की सुरुवातीला भरघोस मिळतं, मग कमी कमी होत जातं. देशालाही हे तंतोतंत लागू पडतं. रस्ते नाहीत, वीज नाही, यंत्रं नाहीत अशा देशात बचत करून गुंतवणूक वाढवली की वाढ वेगानं होते, कारण तिथे दुसरं लेथ यायचं असतं. म्हणून गरीब देशाला भांडवलाचं महत्त्व फार आहे आणि ते कमी लेखण्यात अर्थ नाही. पण फक्त यंत्रांवर यंत्रं रचत गेलेला देश एका टप्प्यावर थकतो. सोव्हिएत संघानं लोकांच्या खाण्यापिण्याला कात्री लावून कारखाने उभे केले. 1950 च्या दशकात वाढ जोमात होती. 1970 नंतर गुंतवणूक मोठी असूनही ती मंदावत गेली. चौथ्या-पाचव्या लेथसमोर टर्नर तोच आणि रीतही तीच राहिली होती.

आता त्याच एका लेथकडे परत येऊ. एचएसएसच्या जागी कार्बाइडचा इन्सर्ट, म्हणजे जास्त कठीण अशी बदलता येणारी कड, लावला, तर वेग मिनिटाला 150 मीटरवर नेता येतो. साधारण 1200 आरपीएम. 4 मिनिटं 10 सेकंदांचा कट 50 सेकंदांत होतो. कापण्याचा वेग पाचपट झाला म्हणून उत्पादन पाचपट होत नाही, कारण बांधण्या-उतरवण्याची 3 मिनिटं तशीच आहेत. एक शाफ्ट 3 मिनिटं 50 सेकंदांत, दिवसाला 109. मग कोणाच्या तरी लक्षात येतं की खरा वेळ बांधणीत जातो. एक साधा फिक्स्चर (जॉब पटकन नेमका बसवायची पकड) बनवला, लांबीसाठी स्टॉपर लावला, माप घ्यायला गो-नो-गो गेज (बसतं की नाही एवढ्यावर माप ठरवणारा) दिला. बांधणी दीड मिनिटावर आली. आता शाफ्टला 2 मिनिटं 20 सेकंद आणि दिवसाला 180.

लेथ तेच, माणूस तोच, पाळी तीच, आणि 58 चे 180. चार लेथ घेऊनही हा आकडा गाठला नसता. वाढ आली ती काम करायची रीत बदलल्यामुळे.

हे कुठे बिघडतं, तेही पाहिलं पाहिजे, कारण देशातही नेमकं तिथेच बिघडतं. कार्बाइड कठीण असतं पण ठिसूळ. लेथचे बेअरिंग झिजलेले असले, जॉब थरथरला, तर इन्सर्टची कड तुटते. जुन्या लेथला 1200 आरपीएम झेपतच नसतील. कटची खोली तीच ठेवून वेग पाचपट केला की मोटरवरचा भारही सुमारे पाचपट होतो. टर्नरला इन्सर्टच्या डबीवरचा तक्ता वाचता येत नसेल, तर तो जुन्याच वेगावर नवा इन्सर्ट चालवतो. मग कट खरबरीत येतो आणि चार दिवसांत निकाल लागतो की नवीन टूल काही कामाचं नाही. कल्पना चांगली होती. ती पेलायला चांगलं यंत्र, स्थिर वीज आणि शिकलेला हात तिथे नव्हता. म्हणून भांडवल, शिक्षण आणि तंत्र यांचे वेगवेगळे हिस्से काढणारे हिशेब जपून वाचावेत. कागदावर ते वेगळे दिसतात, पण वर्कशॉपमध्ये एकमेकांवाचून चालत नाहीत.

उरलेला भाग

हा हिशेब देशाच्या पातळीवर पहिल्यांदा नीट मांडला तो अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी, 1956 आणि 1957 साली. रीत सोपी आहे. समजा, एका देशाचं उत्पादन वर्षाला 6 टक्क्यांनी वाढलं. भांडवल 8 टक्क्यांनी वाढलं आणि उत्पन्नात भांडवलाचा वाटा 40 टक्के आहे, तर त्याचं श्रेय 3.2. कामगार दीड टक्क्यानं वाढले आणि त्यांचा वाटा 60 टक्के, तर त्यांचं श्रेय 0.9. बेरीज 4.1. उरले 1.9, ते ना यंत्रांच्या संख्येनं समजतात, ना माणसांच्या. सोलो यांनी अमेरिकेच्या 1909 ते 1949 या काळाचा हिशेब केला तेव्हा कामगारामागे ताशी उत्पादन दुप्पट झालेलं दिसलं. त्यातला फक्त आठवा हिस्सा जास्त यंत्रांमुळे होता. बाकी सात हिस्से या उरलेल्या भागात होते.

या उरलेल्या भागात नवं तंत्र येतं, चांगलं व्यवस्थापन येतं, आणि माणूस कमी उत्पादनाच्या कामातून जास्त उत्पादनाच्या कामात जाणंही येतं. त्यातच हिशेबातल्या चुकाही मिसळलेल्या असतात, म्हणून दशांशापर्यंत त्यावर विसंबू नये.

नवं तंत्र येतं कुठून, याचं उत्तर सोलो यांच्या मांडणीत नव्हतं. ते पुढे अर्थशास्त्रज्ञ पॉल रोमर यांनी दिलं आणि 2018 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. त्यांचा मुद्दा असा: लेथ एका वेळी एकाच टर्नरला वापरता येतं, पण फिक्स्चरची कल्पना एकाच वेळी पूर्ण जीआयडीसी वापरू शकते. एकानं वापरली म्हणून दुसऱ्यासाठी ती झिजत नाही. या गुणामुळे कल्पनांना घटत्या फलाचा जाच यंत्रांइतका होत नाही. पण याच गुणामुळे एक पेचही पडतो. शेजाऱ्यानं उद्या फुकटात उचलली, तर शोधणाऱ्यानं खर्च कशाला करावा? म्हणून पेटंट लागतात, विद्यापीठांना सरकारी पैसा लागतो, संशोधनाला अनुदान लागतं. भारत संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या 0.64 टक्के खर्च करतो. दक्षिण कोरियाचा खर्च पाच टक्क्यांच्या आसपास आहे. आपली ही खरोखर दुखरी जागा आहे.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. मागे असलेल्या देशाला सगळं नव्यानं शोधावं लागत नाही. कार्बाइड कोणीतरी शोधून ठेवलंच आहे. ते आणायचं, समजून घ्यायचं आणि आपल्या लेथवर बसवायचं. दरडोई 5-6 टक्क्यांची वाढ ही अशा उचलून आत्मसात करणाऱ्या देशांनाच जमते. जगाच्या आघाडीवर असलेला देश दीड-दोन टक्क्यांवर समाधान मानतो, कारण त्याला पुढची वाट स्वतः पाडावी लागते.

समजून घेणारा हात

आत्मसात करायला लागतो तो शिकलेला माणूस, आणि इथे बडोद्याचा इतिहास उपयोगी पडतो. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. तेरा वर्षं तो चालवून, त्यातल्या अडचणी पाहून 1906 साली सगळ्या संस्थानाला लागू केला. मुलींनाही. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण डोळ्यासमोर होतं. ते विधेयक पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं.

शाळेत शिकलेलं अक्षर वाचायला काही मिळालं नाही तर चार वर्षांत पुसलं जातं. म्हणून 1910 साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून वाचनालयांचं जाळं उभं केलं गेलं. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरायच्या. हा तपशील वाटतो त्याहून मोठा आहे. शाळा उघडणं हा खर्चाचा निम्मा भाग; शिकलेलं टिकवणं हा दुसरा निम्मा, आणि तो बहुतेक सरकारं विसरतात.

तिसरी गोष्ट कलाभवन. 1890 साली सुरू झालेल्या या संस्थेचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. रंगकाम, यंत्रकाम, वास्तुकाम असे विषय तिथे शिकवले जात. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. 1907 साली निघालेल्या अलेम्बिक कंपनीच्या स्थापनेत गज्जर आणि त्यांच्या शिष्यांचा हात होता. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक जोएल मोकिर यांना 2025 च्या नोबेलचा अर्धा भाग मिळाला तो याच धाग्यावर: एखादी गोष्ट कशी चालते एवढंच माहीत असेल तर सुधारणा एका पायरीवर थांबते, ती का चालते हेही माहीत असेल तर पुढची पायरी सापडते. रंगाऱ्याला रंग पक्का करता येतो. तो पक्का का होतो हे कळलेला रंगारी नवा रंग बनवू शकतो. कलाभवनात कारागिरी आणि विज्ञान एका छपराखाली आणलं होतं, आणि 1949 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा त्याच्या तंत्रज्ञान विद्याशाखेला हा पाया तयार मिळाला.

मात्र शाळेत घालवलेली वर्षं म्हणजे शिक्षण नव्हे. साक्षरता 1951 साली 18 टक्के होती, 2011 साली 74 झाली. हे यश आहे. पण ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 2024 च्या ‘असर’ पाहणीत पाचवीतली जेमतेम निम्मी मुलं दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकली. इन्सर्टच्या डबीवरचा तक्ता वाचता न येणारा टर्नर असाच तयार होतो. आणि शिक्षण एकटंही पुरत नाही. श्रीलंकेत साक्षरता फार आधीपासून चांगली होती, तरी वाढ तेवढी झाली नाही. शिकलेल्या हाताला काम देणारं लेथ, बाजार आणि नियमही लागतात.

इथे एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. 1913 साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेला: भीमराव आंबेडकर. 1917 साली संस्थानाच्या नोकरीसाठी ते बडोद्याला आले, आणि जातीमुळे या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावून लावलं गेलं आणि काही दिवसांत बडोदा सोडावं लागलं. हा अन्याय तर होताच, पण देशाच्या वाढीच्या भाषेतही बोलायचं तर ज्या माणसाच्या शिक्षणावर संस्थानानं पैसा घातला, त्याचंच ज्ञान शहरानं दारातून परत पाठवलं. अशा अडवणुकीची किंमत मोजण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. तिथे 1960 साली डॉक्टर आणि वकिलांत 94 टक्के गोरे पुरुष होते. पुढच्या पन्नास वर्षांत स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना हे व्यवसाय खुले होत गेले. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या काळातल्या दरडोई वाढीचा 20 ते 40 टक्के भाग या एका बदलातून आला.

पैसा, रस्ता, नियम

मकरपुऱ्याच्या मालकाला लेथ घ्यायला कर्ज लागतं. रावपुऱ्यातल्या निवृत्त मास्तरांची बचत त्याच्यापर्यंत पोहोचवायचं काम बँक करते. 20 जुलै 1908 रोजी बँक ऑफ बडोदा सुरू झाली ती याच गरजेतून. बँकेचं खरं कौशल्य पैसा गोळा करण्यात कमी आणि कोणाला द्यायचा हे ओळखण्यात जास्त आहे. ते चुकलं की काय होतं ते देशानं अलीकडेच पाहिलं. 2008 च्या आसपासच्या तेजीत मोठ्या प्रकल्पांना सढळ कर्जं गेली, आणि 2018 पर्यंत बँकांच्या एकूण कर्जांपैकी 11 टक्क्यांहून जास्त थकीत झाली. बचत होती, गुंतवणूकही झाली होती, पण पैसा अर्धवट कारखान्यांत रुतून बसला. बुडालेल्या उद्योगाची मालमत्ता सोडवून दुसऱ्याच्या हाती द्यायचा नादारी कायदा आला तो 2016 साली. त्यानंतरच्या वर्षांत थकीत कर्जांचं प्रमाण 3 टक्क्यांच्या खाली आलं.

वाहतुकीचं काम आहे बाजार मोठा करणं. 1862 साली खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत डभोई ते मियागाम असा सुमारे 32 किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग पडला. सुरुवातीला डबे ओढायला बैल होते, इंजिनं मागाहून आली. पण रुळावर बैलही कच्च्या रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त कापूस ओढतो. शेतकऱ्याच्या गाठीला मोठ्या बाजाराचा भाव मिळू लागला की तो जास्त कापूस लावतो, जिनिंग करणारा (कापसातून सरकी काढणारा) मोठं यंत्र घेतो. दिवसाला 20 शाफ्टचीच मागणी असेल तर फिक्स्चर बनवायची तसदी कोण घेईल?

नियमांचा भाग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यावर कमी बोललं जातं. माझ्या मते तो सगळ्यात निर्णायक आहे. 1991 पूर्वी बहुतेक मोठ्या उद्योगांत कारखाना काढायला, त्याची क्षमता वाढवायला, नवी वस्तू बनवायला दिल्लीचा परवाना लागे. अशा व्यवस्थेत हुशार मालकाचा वेळ फिक्स्चर सुधारण्यापेक्षा परवाना मिळवण्यात जाणं साहजिक होतं. फायदा तिथेच होता. 24 जुलै 1991 च्या औद्योगिक धोरणानं 18 उद्योग सोडून बाकीच्यांचा परवाना रद्द केला. एकाच भाषेच्या, एकाच इतिहासाच्या दोन कोरियांत आज जो जमीन-अस्मानाचा फरक दिसतो त्यामागेही मुख्यतः नियमांचा फरक आहे. अर्थशास्त्रज्ञ असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना 2024 चं नोबेल मिळालं ते संस्था आणि समृद्धी यांचं नातं उलगडल्याबद्दल.

नियम म्हणजे फक्त मोठी धोरणं नव्हेत. वर्कशॉपमालक माल पोचवतो आणि पैसे सहा महिन्यांनी येतात, तेव्हा तो कार्बाइडचे इन्सर्ट उधारीवर आणतो, महाग आणतो, किंवा आणतच नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचं बंधन घातलं. ते पाळलं जात नव्हतं, म्हणून 1 एप्रिल 2024 पासून प्राप्तिकरात तरतूद लागू झाली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. यात वर्कशॉपचं ‘उद्यम’ नोंदणीपत्र (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) लागतं आणि बिलावर तो क्रमांक छापलेला असलेला बरा. लेखी करार असेल तर त्यातली मुदत, पण 45 दिवसांच्या वर नाही. करार नसेल तर 15 दिवस. पुष्कळ छोटे मालक हा हक्क मोठं गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं वापरत नाहीत. कायदा पुस्तकात असणं आणि वर्कशॉपच्या गल्ल्यापर्यंत पोहोचणं यात हे अंतर असतं.

माणूस एका कामातून दुसऱ्या कामात

भारतासारख्या देशात वाढीचा एक मोठा साठा अजून पडून आहे. 2023-24 च्या सरकारी श्रमबल पाहणीनुसार काम करणाऱ्यांपैकी सुमारे 46 टक्के शेतीत आहेत, आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा 18 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शेतीबाहेरचा माणूस सरासरीनं शेतीतल्या माणसाच्या जवळजवळ चौपट उत्पादन करतो. बडोद्याजवळच्या पादऱ्याच्या किंवा वाघोडियाच्या शेतातला एक जण कारखान्यात आला, तर कोणतंही नवं तंत्र न शोधता देशाचं उत्पादन वाढतं. मात्र तो कुठे जातो याला महत्त्व आहे. कुशल कामात गेला तर वाढ. रोजंदारीच्या नाक्यावर उभा राहिला तर आकडा फारसा हलत नाही. स्त्रियांच्या बाबतीतही सावधपणे वाचायला हवं. पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांत काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण 2017-18 च्या 23 टक्क्यांवरून 2023-24 मध्ये जवळजवळ 42 वर गेलं, पण या वाढीतला मोठा भाग शेतीतला आणि घरच्या धंद्यातला आहे, पगारी नोकऱ्यांतला नव्हे.

या स्थलांतरात जुनं मोडतं. एचएसएस टूलला धार लावण्यात हयात गेलेल्या कारागिराला कार्बाइड आल्यावर त्या हाताची किंमत राहत नाही. अर्थशास्त्रज्ञ फिलिप आगियाँ आणि पीटर हॉविट यांनी वाढीची ही बाजू मांडली आणि 2025 च्या नोबेलचा दुसरा अर्धा भाग त्यांना मिळाला. नवं येऊ द्यायचं तर मोडलेल्याला सावरायची सोय हवी: पुन्हा शिकायची जागा, मधल्या काळाचा पगार, औषधपाण्याचा आधार. ती नसेल तर लोक नव्याला विरोध करतात, आणि त्यांचा विरोध समजण्यासारखा असतो.

तेल सापडणं पुरतं का?

बडोद्याच्या उद्योगांबद्दल बोलताना कोणी म्हणेल की हे सगळं तेलामुळे झालं. 1960 साली अंकलेश्वरला तेल सापडलं, 1965 साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, मग खत आणि पेट्रोकेमिकलचे कारखाने आले. यात तथ्य आहे, आणि केंद्र आणि राज्य सरकारांच्या गुंतवणुकीचा वाटाही मोठा आहे. सगळं श्रेय संस्थानकाळाला देणं चूक ठरेल. पण जमिनीतली संपत्ती एकटी टिकत नाही. प्रशांत महासागरातलं नाउरू हे बेट फॉस्फेट विकून 1970 च्या दशकात दरडोई उत्पन्नात जगात वरच्या रांगेत होतं. साठा संपत आला तसा देश कंगाल झाला. बोट्स्वानानं हिऱ्यांचा पैसा रस्ते, शाळा, दवाखाने यांत घातला आणि तो अनेक दशकं वाढत राहिला. रिफायनरी जिथे आली तिथे तंत्रज्ञान शिकवणारं विद्यापीठ आधीच होतं, ही बडोद्याची जमेची बाजू.

या वाढीची एक किंमत उत्पन्नाच्या आकड्यात दिसत नाही. इथल्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी खंभातच्या आखातापर्यंत नेणारा सुमारे 55 किलोमीटरचा कालवा 1983 साली सुरू झाला. कालवा बांधण्याचा खर्च देशाच्या उत्पादनात धरला गेला. नासलेल्या विहिरीचं नुकसान धरलं जात नाही. दोन शहरांची वाढ ताडून पाहताना हे खातं वेगळं मांडायला हवं.

28 ऑक्टोबर 2024 रोजी बडोद्यात सी-295 या लष्करी मालवाहू विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. हवाई दलाच्या 56 विमानांपैकी 40 भारतात बनवायची आहेत. चाळीस विमानांच्या जोडणीनं देशाच्या उत्पन्नात पडणारी थेट भर छोटीच. पाहायचं आहे ते पुरवठादारांकडे. विमानाला सुटा भाग द्यायचा तर एएस 9100 हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र लागतं. प्रत्येक तुकडा धातूच्या कोणत्या ओतातून आला, कोणत्या मशीनवर कोणत्या पाळीत झाला, कोणी मोजला, कोणत्या गेजनं मोजला आणि ते गेज शेवटचं कधी तपासलं, हे सगळं लिहून ठेवावं लागतं आणि वर्षांनंतरही दाखवावं लागतं. सुरुवातीला माल जास्त नाकारला जातो, कागदपत्रांना कंटाळून काही जण बाहेर पडतात. टिकून राहिलेल्या वर्कशॉपमधला तपासनीस पाच वर्षांनी पंप बनवणाऱ्या कारखान्यात कामाला गेला, की नोंदवही ठेवायची ती सवय त्याच्याबरोबर जाते, आणि त्या कारखान्याचे पंप परत येण्याचं प्रमाण कमी होऊ लागतं.